ताब्यानंतरची धूळ

समोरच्या टॉवरचे ताबे सुरू झाले आहेत. हे कळायला जाहिरात वाचावी लागत नाही. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभं राहिलं की काचेवर ब्लेड घासल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र, मग एक फुंकर, पुन्हा खर्र. कोणीतरी खिडकीवरचे रंगाचे थेंब खरवडत असतं. खाली टेम्पो उभा असतो. त्यात उभ्या बांधलेल्या गाद्या, उलटी टेबलं, आणि दोन कपाटांच्या फटीत मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन बसलेली बाई. टेम्पोच्या तोंडाला झेंडूचा हार. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर भाजून काढतं, पण भल्या सकाळी हवेत पुसटसा गारवा असतो आणि त्यात ओल्या सिमेंटचा वास मिसळलेला असतो.

शहराच्या कडेच्या आमच्या ताथवड्यात ऋतू असे ओळखायचे. पूर्वी इथे शेतं होती, तेव्हा या दिवसांत काय कापणीला येत असेल ते मला माहीत नाही. आम्ही आलो तोवर शेवटची बाभूळही कुठल्याशा टॉवरच्या 'ग्रीन झोन'मध्ये जमा झाली होती, म्हणजे तोडली गेली होती. आता नवरात्रापासून दिवाळीपर्यंत इथे ताब्यांचा हंगाम असतो. वर्षभर तारखा पुढे ढकलणाऱ्या बिल्डरांना या दिवसांत देवाची भीती वाटते, किंवा गिऱ्हाइकांची. मग या पट्ट्यातल्या सगळ्या नव्या इमारतींतून एकदमच खरवडल्याचे, घासल्याचे, फरशीवर बादली ओतल्याचे आवाज सुरू होतात. गावाकडचे लोक सुगीबद्दल हळवे होऊन लिहितात. मी या आवाजांबद्दल लिहिते आहे. आमची सुगी ही अशी.

आमचं स्वतःचं खरवडून झालं त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या इमारतीचं नाव इटलीतल्या एखाद्या गावासारखं वाटतं. मी ग्रंथपाल असल्यामुळे मला अशा गोष्टी पडताळून पाहायची सवय आहे. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात नकाशांचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्याला हात लावणारी मी एकटीच. त्यात ते गाव सापडलं नाही. बहुधा गावाचाही ताबा अजून मिळालेला नसावा.

ताबा देण्याचा समारंभ होता. 'स्वप्नपूर्ती सोहळा' अशी कमान, तिच्यावर फुगे, वर भिरभिरणारा ड्रोन. स्टेजवर सोनेरी रंगाची, माणसाच्या उंचीची थर्मोकोलची किल्ली ठेवलेली. एकेका कुटुंबाने स्टेजवर जायचं, ती किल्ली सगळ्यांनी मिळून धरायची, फोटो झाला की दुसऱ्या बाजूने उतरायचं. मी, माझा नवरा सुधीर आणि माझे सासरे अण्णा, असे आम्ही तिघं चढलो. अण्णांनी किल्लीच्या दात्यांवरून बोट फिरवलं. थर्मोकोलचा चुरा त्यांच्या बोटाला लागला.

"ही कुठल्या कुलपाची?" त्यांनी कोट घातलेल्या मुलीला विचारलं.

"अंकल, ही सिम्बॉलिक आहे."

"आन् खरी?"

"ती ऑफिसमधून मिळेल. मंगळवारनंतर."

"मग आज काय मिळालं म्हनायचं?"

तिने हसून आमच्या हातात तीन लाडूंचा खोका दिला. त्या फोटोत सुधीर कॅमेऱ्याकडे बघतोय, मी ड्रोनकडे, आणि अण्णा स्वतःच्या बोटाकडे.

अण्णा तरुणपणी सोलापूरकडून आले आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊनही ते भोसरी सोडून हलले नाहीत. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या, आणि त्या दोन खोल्यांत ते एकटे राहू लागले. मागच्या भिंतीला लागून पत्र्याचे भाग ठोकणारा कारखाना होता. दिवसभर धप्, धप्. आम्ही गेलो की आम्हाला दोन वाक्यांच्या मध्ये थांबावं लागायचं. अण्णांना नाही. ते त्या ठोक्यांच्या मधल्या जागेत बरोबर बसेल एवढंच बोलायचे. कदाचित म्हणूनच ते कमी बोलणारे झाले असतील.

तोवर आम्ही चिंचवडात भाड्याने राहत होतो. दोघांना दोन खोल्या पुरेशा होत्या. नवं घर एक खोली जास्त बघून घेतलं ते अण्णांसाठी. हे मला ठाऊक होतं, सुधीरला ठाऊक होतं, बँकेच्या माणसालाही ठाऊक होतं. अण्णांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट कोणी कोणाला विचारत नाही. ती गृहीत धरतात आणि तेवढ्या मापाचं घर घेतात. आम्ही त्या खोलीला 'अण्णांची खोली' म्हणायचो. अण्णा तिला 'ती मागली खोली' म्हणायचे. दोन्ही नावं महिनाभर शेजारी शेजारी नांदली आणि कोणीही कोणाला दुरुस्त केलं नाही.

नवं घर म्हणजे काय, याबद्दल माझे गैरसमज होते. ज्यात कोणी राहिलेलं नाही ते नवं, असं मला वाटायचं. खरी किल्ली मिळाल्यावर दार उघडलं तेव्हा कळलं की या घरात आमच्याआधी बरेच जण राहून गेलेत. सिंकमध्ये रंगाऱ्यांनी ब्रश धुतले होते, त्यामुळे त्याच्या तळाला आमच्या सगळ्या भिंतींचे रंग थरावर थर बसले होते. बाथरूममध्ये खिळ्याला दाढीचा फुटका आरसा लटकत होता. फरशीवर पुट्टीचा पांढरा थर, त्यावर अनवाणी पायांचे ठसे. दिव्याचं एक बटण काढून पाहिलं तर मागच्या पोकळीत गुटख्याच्या पुड्या नीट घड्या करून ठेवलेल्या. आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, छतापर्यंत निमुळता होत गेलेला काळा पट्टा. अण्णांनी त्यावर हात फिरवला आणि वास घेतला.

"हितं कुनीतरी भाकरी भाजलीया."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. त्या घरात त्यांनी मनापासून दाद दिलेली ती पहिली गोष्ट.

हल्ली घर साफ करून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांची माणसं गणवेश घालून येतात, मशीन लावतात, आणि आधीचे-नंतरचे फोटो पाठवतात. मी तसं बोलावणारच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी अण्णा उभे. अंगात कंपनीचा जुना खाकी शर्ट, खिशाजवळ वर्कशॉपचं नाव उसवल्याची चौकट. हातात पिशवी. तिच्यात ब्लेडं, पॉलिश पेपर, टर्पेंटाइनची बाटली, आणि सुताच्या धाग्यांचा तो गुंता, ज्याला कारखान्यात नुसतं 'वेस्ट' म्हणतात आणि ज्यावाचून तिथलं पान हलत नाही.

"अण्णा, मी माणसं बोलावतेय."

"मग मी कोन हाय?"

झालं. गणवेशवाले राहिले.

भोसरीहून ताथवड्याला यायला त्यांना बस बदलावी लागायची. तरी माझ्याआधी ते पोचलेले असायचे. गेटवर एक वेगळंच नाटक चालायचं. तिथला सुरक्षारक्षक हातातल्या टॅबमध्ये येणाऱ्याची नोंद करी, मग चाकणला कंपनीत बसलेल्या सुधीरच्या मोबाईलवर विचारणा जाई, सुधीरने 'हो' म्हटलं की गेट उघडे. सुधीर तिथे क्वालिटीत आहे. तपासणीच्या मध्येच त्याला बापाला पास करावं लागे. रक्षक विचारायचा, "काका, गेस्ट लिहू का?"

"पाव्हना न्हाई. कामाला आलोय," अण्णा ठणकावून सांगायचे.

म्हणून सुधीरच्या मोबाईलवर रोज यायचं: साफसफाई कर्मचारी आला आहे. सुधीर वैतागायचा. "अगं, सांग ना त्यांना, मालकाचे वडील म्हणून सांगा म्हणावं." मी सांगून पाहिलं. अण्णा म्हणाले, "मालकाच्या बापाला गेटवर खुर्ची देत्यात. कामगाराला आत सोडत्यात."

मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून यायचे. आम्ही दोघं दोन खिडक्यांना लागायचो. फार बोलायचो नाही. ओल्या काचेवर ब्लेड तिरकं धरलं की रंगाचा थेंब पापडीसारखा सुटून येतो, आणि त्यात एक छोटंसं, कोणाला सांगता न येणारं सुख असतं. कोरड्या काचेवर धरलं की ओरखडा पडतो. हे आम्हाला कळलं ते अण्णांनी पहिल्याच दिवशी हॉलच्या काचेवर वीतभर ओरखडा काढल्यानंतर. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ह्यो आधीचाच हाय." मी मान डोलावली. मीही त्याच दिवशी सिंक घासताना ॲसिडने नळाची चमक घालवली होती, आणि तेही आधीचंच होतं.

दुपारी फरशीवर वर्तमानपत्र पसरून डबे उघडायचो. खिडकीतून ऊन येऊन पसरायचं आणि त्यात आम्हीच उडवलेली धूळ तरंगताना दिसायची. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज इतक्या उंचीवर येईपर्यंत एकसारखा होऊन जातो, त्याला गाड्यांचा आवाज म्हणवत नाही. अण्णा घास हातात धरून कान द्यायचे. "लई गप हाय गं हितं," एकदा म्हणाले. मी शांततेचं कौतुक समजून खूश झाले. नंतर लक्षात आलं की आजारी माणसाबद्दल बोलतात तसा तो सूर होता.

मागच्या खोलीत मी सर्वांत आधी पलंग आणून टाकला होता. नवा, गादीसकट, गादीवर प्लास्टिक तसंच. खोली घासून आरशासारखी केली. कोपऱ्यातला धुराचा पट्टा रंगाऱ्याकडून झाकून घेतला. खिडकीतून लांबवर, हवा स्वच्छ असली तर, एक डोंगर दिसतो. अण्णा त्या खोलीत पोछा मारायला जायचे, पलंगाखालून फडकं फिरवायचे, आणि बाहेर यायचे. त्या पलंगावर ते कधी टेकले नाहीत. कमरेत कळ आली तर हॉलमध्ये उलट्या बादलीवर बसायचे.

नवरात्र सरत आलं आणि खंडेनवमी आली. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीच्या खालोखाल सण कुठला असेल तर हा. बाहेरच्यांना तो नुसता दसऱ्याचा आदला दिवस वाटतो. इथे त्या दिवशी मशीन बंद होतात. आदल्या पाळीत ती धुतात, पुसतात, मग तेलाचा हात फिरवतात, मग हार, कुंकू, नारळ. घरची माणसं नवे कपडे घालून कंपनीत येतात आणि बाप रोज कुठे जातो ते पोरं बघून घेतात. सुधीरने मला एकदा सांगितलं होतं की लहानपणी त्याला वर्षभरातून त्याच एका दिवशी अण्णा स्वच्छ दिसायचे. मशीन आणि अण्णा, दोघंही.

त्या खंडेनवमीला अण्णा नव्या घरी एकटेच होते, मला कॉलेजात थांबावं लागलं होतं. संध्याकाळी आले तर पाटावर ब्लेड, ब्रश, बादली, पोछा आणि झाडू ओळीने मांडलेले, सगळ्यांना कुंकू, सगळ्यांवर झेंडू. पोछ्याच्या काठीलाही हार होता. मी हात जोडले. समारंभांना हात जोडायची मला फारशी सवय नाही, पण थर्मोकोलच्या किल्लीपेक्षा हा पोछा मला वंदनीय वाटला. घर लखलखत होतं. जरा जास्तच लखलखत होतं, पण मी दिवे लावले नव्हते, त्यामुळे कारण लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा होती. राहायला दिवाळीच्या तोंडावर जायचं, पण मुहूर्त दसऱ्याचा साधायचा, असं ठरलं होतं. ठरवणारी माझी नणंद मंजूताई. ती निगडीत प्राधिकरणात बंगल्यात राहते आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांशी फार प्रेमाने बोलते. तिने फुलांची कमान, केळीचे खुंट आणि एक सनईवाला यंत्रात भरून आणला होता. गुरुजींच्या त्याच इमारतीत त्या दिवशी आणखी पूजा होत्या. आमच्या संकल्पाच्या मध्येच ते फोनवर कोणाला तरी "लिफ्टमध्येच आहे" असं सांगत होते. देवाने दोन्ही ऐकलं असणार.

पूजा झाली. मंजूताई नवी पैठणी नेसून बाल्कनीत गेली, कठड्याला रेलली, आणि "व्ह्यू मात्र छान आहे हं" म्हणाली. 'मात्र' तिने कशाच्या संदर्भात वापरलं ते कळायच्या आतच ती वळली. पैठणीच्या पोटावर आडवा काळा पट्टा उमटला होता. तिकडे तिचे यजमान, आमचे भाऊजी, दाराची कडी धरून उभे होते. त्यांनी तो हात नंतर स्वतःच्या पांढऱ्या झब्ब्याला पुसला. मग कळलं. घरात जे जे लोखंडाचं, पितळेचं, स्टीलचं होतं, म्हणजे कठडा, गज, बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांच्या पट्ट्या, नळ, त्या सगळ्यावर अण्णांनी मशीनचं तेल फिरवलं होतं. पातळ, एकसारखं, कुठे ओघळ नाही. स्वच्छ केल्यावर तेलाचा हात फिरवायचा, हे त्यांच्यासाठी इतकं उघड होतं की ते कोणाला सांगायचं काही कारणच नव्हतं.

"अण्णा, हे काय केलंत!" मंजूताई रडकुंडीला आली.

"तेलाचा हात दिलाय. दिवाळीपातूर घर बंदच ऱ्हानार न्हवं? गंज चढंल."

"अहो, स्टेनलेस स्टील आहे ते!"

"स्टेनलेसला बी चढतो. जरा लाजत चढतो, येवढंच."

सुधीर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी पैठणीवर टाल्कम पावडर दाबत होते. गुरुजींनी निघताना आशीर्वादाला हात वर केला, तेव्हा त्यांच्या तळहातावरही कडीचा ठसा होता. वरच्या मजल्यावरच्या पूजेत तो कोणाच्या कपाळी लागला असेल याचा मी आजही अधूनमधून विचार करते.

तेलावर धूळ बसते. शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर चढत होता आणि त्याची सगळी भुकटी आमच्या कठड्याला येऊन चिकटली. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मंजूताईने फोनवर हळहळ व्यक्त केली. मला मात्र हायसं वाटलं, आणि का वाटलं हे कळायला मला एखादा दिवस लागला. तेल लागलं नसतं तर काम संपत आलं होतं. काम संपलं असतं तर अण्णा उद्या आले नसते.

तेव्हापासून मी कामचुकारपणा शिकले. आयुष्यभर वेळेत पुस्तक परत करणाऱ्यांचा मला आदर. आता मी एका बिजागरीला एक दुपार लावू लागले. पुसलेल्या काचेवर बोट ठेवून "इथे अजून आहे" म्हणू लागले. संध्याकाळी निघताना एखादा कोपरा मुद्दाम ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, "हे उद्या बघू." अण्णा म्हणायचे, "बघू की." टेम्पो ठरवायचा म्हणून सुधीर घाई करायचा आणि मी त्याला "अजून स्वयंपाकघर राहिलंय" असं सांगायचे. त्याने एकदा स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. क्वालिटीतला माणूस. मला म्हणाला, "यात राहिलंय काय?" मी म्हटलं, "तुझ्या लक्षात नाही यायचं." त्याच्या लक्षात आलं. तो गप्प बसला.

वसुबारस दोन-चार दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. मी मागच्या खोलीची खिडकी घासत होते. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, तितं डाग न्हाई."

"आहे. तुम्हाला दिसत नाही."

"मला दिसत न्हाई, कारन त्यो न्हाईच."

मी घासत राहिले. ते आत आले, बादली उलटी करून तिच्यावर बसले.

"तू काम खेचतीयस."

मी ब्लेड खाली ठेवलं. ते हसत नव्हते, पण रागावलेलेही नव्हते.

"आमी बी खेचायचो. शनवारी येक काम असं धरून ठिवायचं की रविवारी ओव्हरटाइमला बोलवावंच लागंल. सुपरवायझरला समदं कळायचं. त्यो गप ऱ्हायचा. आमी बी त्यो गप ऱ्हातोय हे बघून गप ऱ्हायचो."

"मग तुम्ही कधीपासून गप्प आहात?"

"त्या बिजागरीपासनं."

म्हणजे माहीत असूनही ते रोज बस बदलून येत होते. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते विचारायला याहून सोपी वेळ आली नसती.

"अण्णा, ही खोली तुमच्यासाठी घेतलीय. राहायला याल ना?"

त्यांनी खोलीकडे पाहिलं. पांढऱ्या भिंती, पुसलेली फरशी, प्लास्टिकमधली गादी. सगळं इतकं नीट की तिथे बोलतानाही आवाज आपटून परत येत होता.

"हितं मी काय करू?"

"काही नाही करायचं. नुसतं राहायचं."

"नुसतं ऱ्हायला मला येत न्हाई गं," ते म्हणाले. आपल्याला सायकल येत नाही असं एखादा सांगतो तितक्या साधेपणाने. "तिकडं कारखान्याचा आवाज असतोय. आपन बसलो तरी काय तरी चाललंय असं वाटतंय. हितं मी बसलो की नुसता बसलेलाच दिसनार."

अण्णा उठले, बादली सरळ केली. "काच पुसून घे. दिवाळीच्या आत या ऱ्हायला. मी येत-जात ऱ्हाईन की." मी ती काच पुसली. एकदाच, नीट. दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत, आणि सुधीरने टेम्पो ठरवला.

सामान हलवण्यात काव्य नसतं. आपण किती निरुपयोगी वस्तूंवर प्रेम करतो याचा तो जाहीर पंचनामा असतो. टेम्पोतून एकेक गोष्ट वर येत होती आणि हमाल विचारत होते, "ताई, हे कुठं?" ज्याचं उत्तर मला येत नव्हतं ते सगळं मागच्या खोलीत गेलं. माझ्या पुस्तकांचे गठ्ठे. गव्हाची कोठी. गोधड्यांच्या वळकट्या. सुधीरच्या कॉलेजातल्या ड्रॉइंग बोर्डापासून बंद पडलेल्या मिक्सरपर्यंत सगळं. कपाट दाराला आडवं लागलं ते लागलंच. नवी गादी जागा अडवते म्हणून भिंतीला उभी केली, नुसत्या पलंगावर खोकी रचली. शिवाय कपडे वाळत घालायचा स्टँड उघडून ठेवला. ज्या खोलीसाठी एवढं घासलं तिथे पाऊल ठेवायला जागा उरली नाही, आणि मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं. दिवाळीचे पहिले दिवस तसेच गेले.

पाडव्याला अण्णा जेवायला आले. गेटवर त्या दिवशी त्यांनी 'पाव्हना' असंच लिहून घेतलं, असं सुधीरने मला मोबाईल दाखवून सांगितलं. जेवण झालं. अण्णा घरभर हिंडले, कठड्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. मग मागच्या खोलीच्या दाराशी गेले.

"तिकडे नका जाऊ, अण्णा. फार पसारा आहे."

"बघू तर दे."

दार अर्धंच उघडत होतं. ते अंग चोरून आत गेले. काहीतरी सरकवल्याचा, काहीतरी पडल्याचा, "आयला" म्हटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी जाऊन डोकावले. अण्णांनी गव्हाची कोठी भिंतीला लावली होती, एक वळकटी सोडून जमिनीवर पसरली होती आणि तिच्यावर कुशीला वळून झोपले होते. पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्या पायाशी, स्टँडवरच्या माझ्या ओल्या साड्यांची सावली त्यांच्या अंगावर. घोरत होते. त्या खोलीत आवाज आता कुठेच आपटत नव्हता.

ऊन कलायला लागलं तसा सुधीर अस्वस्थ झाला. "उठवू का? सणाची बसला गर्दी असते."

"नको."

"मग मी गाडीने सोडीन, पण..."

"सुधीर, नको."

दिवेलागणीला ते आपणहून उठले. बाहेर आले तेव्हा गालावर गोधडीच्या टाक्यांची नक्षी उमटली होती. सोफ्यावर बसले. मी चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि सुधीरच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाले, "त्या खोलीची काय दशा केलीय रे. गहू खाली, त्याच्यावर पुस्तकं. कपाट दाराला आडवं. काय रीत हाय का?"

"लावायचंय अजून," मी म्हटलं.

"तुज्यानं व्हायचं न्हाई ते. उद्या सकाळी मी घेतो."

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या किटलीकडे पाहिलं.

"बरेच दिवस लागतील, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला, आणि म्हणाले, "लागूंद्यात की."